शिंप्याचा उजवा हात

"वटवाघळा, तुझा तो फिल्मवाला कॅमेरा अजून चालतो का गं?" काकांनी फोनवर विचारलं.

वटवाघूळ म्हणजे मी. लहानपणी दारं-खिडक्या लावून, फटींत कापडं कोंबून मी अंधारात फिल्म धुवत बसायचे, तेव्हा काकांनी हे नाव ठेवलं. आता माझे केस पांढरे व्हायला लागले तरी ते काही सुटलेलं नाही. पोटापाण्यासाठी मी डिजिटलवर काम करते, कारखान्यांचे नाहीतर फर्निचरचे फोटो काढते. पण कृष्णधवल फिल्मचं वेड गेलं नाही. घरामागच्या अडगळीच्या खोलीची मी डार्करूम केली आहे आणि सवड मिळाली की तिथे जाऊन बसते.

"चालतो की," मी म्हटलं. "का हो?"

"तालमीचे फोटो काढायचेत. शिंप्याचे. बाजूने."

मी फोन कानावरून काढून एकदा त्याच्याकडे बघितलं. बोलतायत ते काकाच ना, अशी शंका आली.

माझे काका बाहुल्यांचं थिएटर चालवतात. मागे काळी मखमल, आणि चालवणारी माणसंही नखशिखांत काळी: काळा झगा, काळे हातमोजे, डोक्यावर डोळ्यांपुढे जाळी असलेली काळी टोपी. एक बाहुला तीन माणसं मिळून चालवतात. बाहुल्याचं डोकं आणि उजवा हात काकांकडे, डावा हात काकूकडे, आणि पाय त्यांच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे. त्याला मी दादा म्हणते. समोर बसलेल्या लोकांना तिघांपैकी कुणी दिसत नाही, फक्त बाहुला दिसतो. त्यातला म्हातारा शिंपी हा काकांचा जीव की प्राण. हा शिंपी उठतो, दिवा लावतो, चष्मा चढवतो आणि सुईत दोरा ओवतो. सुई खरी असते आणि दोराही खरा. त्या वेळी सभागृहात खोकलासुद्धा येत नाही कुणाला.

आणि ते सगळं बाजूने बघायची आजवर कुणालाच परवानगी नव्हती. मला नाही, थिएटरच्या व्यवस्थापकाला नाही, वर्तमानपत्रवाल्यांना तर नाहीच नाही. "बाजूने बघितलं की शिंपी मरतो आणि तीन काळी भुतं उरतात," असं काका म्हणायचे.

"बाजूने?" मी पुन्हा विचारलं.

"लॉबीत लावायला हवेत. आणि फिल्मच आण. तुमच्या त्या नव्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा पेटतो आणि आमचे डोळे दिपतात."

हे कारण पटण्यासारखं होतं. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. लॉबीत तर त्यांनी कधी साधं कॅलेंडर लावू दिलं नव्हतं.

तालीम दुपारची होती. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले होते आणि आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. डोळे सरावल्यावर एवढंच दिसलं, की शिंप्याच्या टेबलावर मक्याच्या दाण्याएवढा दिवा आहे आणि वरून एक निळसर उजेड अगदी मंद करून सोडलेला आहे. मी लाइट मीटर पुढे धरला. त्याने काही उजेड मानलाच नाही.

मी सगळ्यात वेगवान फिल्म आणली होती. फिल्म जितकी वेगवान, तितकं तिला कमी उजेडात दिसतं, फक्त चित्रात वाळूसारखे दाणे येतात. तीही इथे तोकडी पडणार होती. मग मी मनाशी ठरवलं, की ती आहे त्याच्या दुप्पट वेगवान आहे असं समजून फोटो काढायचे आणि राहिलेली कसर धुताना जास्त वेळ ठेवून भरून काढायची. आमच्याकडे त्याला फिल्म पुश करणं म्हणतात. ढकलगाडीच ती. चालली तर चालली.

काळ्या झग्यातले काका टोपी हातात घेऊन माझ्याजवळ आले. "या खांबापाशी उभी राहा. आणि शिंप्याने सुई हातात घेतली की इथून अजिबात हलायचं नाही."

"पण इथून तुमची पाठच येणार, काका. जरा पुढून घेतलं तर..."

"इथूनच."

काकू टोपीची नाडी बांधत होती. तिने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज काय काढलंय हे नवीन?" ती म्हणाली. मी खांदे उडवले. मलाच माहीत नव्हतं तर तिला काय सांगणार?

तालीम सुरू झाली. तिघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. काका टोपीआडून श्वास घेतात, जरा मोठ्याने, आणि त्या श्वासावर बाकीचे दोघं हलतात. श्वास आत गेला की शिंपी उठणार, सुटला की बसणार. मी खांबाला खांदा टेकवून, स्वतःचा श्वास कोंडून बटण दाबत होते. शटर इतकं सावकाश होतं, की उघडल्याचा आवाज वेगळा आणि मिटल्याचा वेगळा ऐकू येत होता. कॅमेऱ्याच्या भिंगातून मला शिंप्याचा गाल आणि चष्म्याची चकाकी, एवढंच दिसत होतं. बाकी सगळी शाई. शिंप्याने सुई घेतली, दोरा घेतला, मान किंचित मागे नेली. दोरा आत गेला. मी रोल संपेपर्यंत फोटो काढत राहिले.

घरी आल्यावर फिल्म धुवायला घेतली. फोटो कागदावर छापताना डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, फिल्म धुताना तोही चालत नाही, तिला सगळंच दिसतं. पूर्ण काळोखात फिल्म बोटांनी चाचपत रिळावर चढवायची, टाकीत घालून झाकण लावायचं आणि मगच दिवा. चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये मी ती नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवली, मधूनमधून टाकी उलटीसुलटी करत. नंतर चित्र पक्कं करणारा फिक्सर आणि मग पाणी. फिल्म बाहेर काढून चिमट्याला लटकवली आणि खिडकीच्या उजेडात बघितली. चित्रं आली होती. इतकी आली होती, की मी स्वतःशीच हसले.

हसू फार टिकलं नाही. फिल्म सुकल्यावर तिचे तुकडे कागदावर ठेवून मी छोटे छोटे नमुने छापले आणि भिंग लावून बघायला बसले.

डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते फिल्मला दिसलं होतं. शिंप्याच्या दिव्याचा उजेड काळ्या हातमोज्यांच्या कडेवर पडला होता. समोरून तो कधीच दिसला नसता, खांबाच्या बाजूने मात्र कड न् कड उजळली होती. शिंप्याच्या उजव्या हाताला मागून एक दांडा आहे, तो काकांनी मुठीत धरला होता. आणि त्याच दांड्यावर, त्यांच्या मुठीच्या पुढे, आणखी एक हात होता.

आधी मला वाटलं, हात हलला. इतक्या सावकाश शटरला एकच हात दोन ठिकाणी उमटतो, त्यात नवल नाही. पण हललेला हात धूसर येतो, आणि हे दोन्ही रेखीव होते. मग वाटलं, एकाच चौकटीवर दोन फोटो पडले. तसं असतं तर शिंप्याची नाकंही दोन आली असती. मग वाटलं, मी निगेटिव्हच उलटं ठेवलंय आणि डाव्याला उजवं समजतेय. कडेचे आकडे तपासले. सरळ होते. मी उठून चहा केला, प्यायला विसरले, पुन्हा बसले.

तो हात फक्त सुईच्या फोटोंत होता. शिंपी चष्मा चढवतो तेव्हा नाही, दिवा लावतो तेव्हाही नाही. सुई आली की तो यायचा, दोरा ओवला की जायचा. आणि त्याची बाही काकूच्या खांद्याकडून येत होती. शिंप्याच्या डाव्या हाताला काकूचा एकच हात लागतो, दुसरा वस्तू पुढे सरकवायला मोकळा असतो. हा तो मोकळा हात होता.

मी दादाला फोन केला. "दादा, सुईच्या वेळी उजवा हात कोण चालवतं?"

"बाबा. अजून कोण?"

"नक्की?"

"हे बघ, मी पायात असतो. माझं सगळं आयुष्य शिंप्याच्या टाचांशी गेलंय. वर काय चालतं ते मला काय कळणार? मला बाबांचा श्वास ऐकू येतो आणि मी टाच उचलतो. का गं?"

"काही नाही. फोटोत जरा घोळ दिसतोय."

"मग फोटो बघ ना, माझं डोकं का खातेस?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी थिएटरवर गेले तर सुतारखोलीत भलतंच दृश्य. काका खिडकीशी बसले होते, अंगात साधा सदरा, मांडीवर शिंपी. नवीन आलेल्या सुताराला ते दांड्याचा खटका कसा चालतो ते दाखवत होते. उजव्या मुठीत दांडा धरला आणि बोलता बोलता शिंप्याच्या हाताने दोरा सुईत सहज घातला. एका फटक्यात. सुतार टाळ्या वाजवायला लागला.

मी दारातच थांबले. यांना तर येतंय. मग त्या फोटोतला हात कशासाठी?

काकू वरच्या कपड्यांच्या खोलीत हातमोज्यांची उसवलेली बोटं शिवत बसली होती. मी नमुना तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात न घेता वाकून बघितला.

"तुझ्या कॅमेऱ्याचाच घोळ," ती म्हणाली.

"काकू, बाही तुझी आहे."

"काळी बाही कुणाचीही असेल. आम्ही तिघंही काळे."

"काकू."

तिने सुई मोज्यात खुपसली. "दार लाव आधी."

मी दार लावलं. ती एकदम बोलायला लागली, जणू मला नाही, मोज्याला सांगतेय. हिवाळ्यात काका तापाने झोपून होते, ते उठल्यावर पहिल्याच प्रयोगात दांडा त्यांच्या मुठीतून घसरायला लागला. तिच्या लक्षात आलं आणि तिने मोकळ्या हाताने तो सावरला. सुई ओवली गेली. काका काही बोलले नाहीत, तीही बोलली नाही. पुढच्या प्रयोगाला घसरेल म्हणून तिने आधीच धरला.

"आणि मग?"

"मग काय? धरतेच."

"काकांना माहीत नाही?"

"मी पिसासारखं धरते. त्यांना कळत नाही."

"पण काकू, आत्ता खाली सुताराला त्यांनी ओवून दाखवली. त्यांना येतंय!"

"मी काय आंधळी आहे?" ती चिडली. "घरी येतं, सुतारखोलीत येतं. मग वाटतं, प्रयोगातही येत असेल. वाटतं, आज सोडून बघू. पण समोर माणसं बसलेली असतात आणि मला धीर होत नाही. मी सोडतच नाही, मग कळणार कसं, की सोडलं तर काय होईल?" तिने माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार! मी मघापेक्षा जास्त गोंधळले होते. जाताना ती एवढंच म्हणाली, "हा फोटो त्यांना दाखवू नकोस." मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी काका न सांगता माझ्या दारात उभे. "चल, प्रिंट काढ. मला बघायचंय कसं काढतात."

लहानपणापासून मी त्यांना डार्करूममध्ये बोलवत होते, ते कधी आले नव्हते. लाल दिव्यात ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी शिंप्याचा दिवा लावतानाचा फोटो घेतला, कागदावर उजेड पाडला, कागद ट्रेमध्ये सोडला. पांढऱ्यातून शिंप्याचा चेहरा वर आला तेव्हा ते "अरे वा" म्हणाले. मग म्हणाले, "आता सुईचा काढ."

"ते हललेत, काका."

"सगळे?"

"बरेचसे."

"वटवाघळा, तू खोटं बोलताना नाक खाजवतेस. अंधारातसुद्धा."

मी हात खाली घेतला. माझ्या मनात एक युक्ती होती. कागदावर उजेड जास्त वेळ पाडला की सगळं गडद होतं, कडा बुडतात, काळ्यात काळं मिसळून जातं. तो दुसरा हात मला तसा बुडवता आला असता. मी निगेटिव्ह लावलं, दिवा पेटवला आणि मनात मोजायला लागले. पण काकूचं ऐकायचं की काकांचं, हे ठरेना, आणि ते ठरेपर्यंत सवयीच्या हाताने दिवा बरोबर वेळेवर बंद केला होता.

कागद ट्रेमध्ये पडला. शिंप्याचा गाल, चष्मा, सुई. मग काकांची मूठ. मग दुसरी.

काका वाकून बघत राहिले. "ही माझी," ते म्हणाले. "आणि ही तुझ्या काकूची."

"काका, त्याचं काय आहे..."

"मला शंका होतीच," ते म्हणाले. "तापातून उठलो तेव्हापासून या हाताच्या बोटांना कळत नाही. धरलंय हे दिसतं, पण धरलंय असं वाटत नाही. प्रयोगात मात्र सुई ओवली जाते. रोज. पहिल्यांदा वाटलं, हाताला सवय आहे. मग वाटायला लागलं, इतकी सवय? टोपीच्या जाळीतून मला दिव्याचा ठिपका सोडून काही दिसत नाही. मग ओवतंय कोण? मी की शिंपी?"

"काकूला विचारायचं."

"ती नाही म्हणाली असती, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला असता. म्हणून म्हटलं, तुझ्या फिल्मला विचारू. तिला कुणाची भीडभाड नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो खांब, ते 'इथूनच', ते लॉबीचं निमित्त. आणि मला राग आला. "म्हणजे मला हेर करून उभं केलंत तुम्ही! निदान मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू फोटो नीट काढला नसतास. तू पहिल्यापासून तुझ्या काकूच्या बाजूची."

ते खरं होतं. मी प्रिंट फिक्सरमध्ये टाकली. त्यांचा हात ट्रेच्या कडेला टेकलेला होता आणि बोटं थंडगार रसायनात बुडाली होती. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मी त्यांचा हात धरून बाहेर काढला आणि पुसला.

पुढच्या तालमीला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. टोपी घालायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाले, "आज माझ्या दांड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

काकूने माझ्याकडे असं बघितलं, की मी खांबाआड सरकले.

दिवे मंद झाले. शिंपी उठला, दिवा लावला, चष्मा चढवला. सुई घेतली, दोरा घेतला, मान मागे नेली. काकांनी श्वास आत घेतला. शिंप्याचा उजवा हात वर आला आणि येतच राहिला, सुईला ओलांडून, गालावरून वर. तिथे तो थांबला, बोटांनी नाजूकपणे हवेत काहीतरी ओवलं, आणि काकांनी सुटकेचा श्वास सोडला. दादाने सवयीने टाच टेकवली.

"गेला?" काकांनी टोपीतून विचारलं.

खालून दादाचा आवाज आला, "बाबा, दोरा शिंप्याच्या कानात आहे."

मला हसू फुटलं. दिवे लावले. काकांनी टोपी काढली, हाताकडे बघितलं आणि उजेडात, तिथेच उभ्या उभ्या, दोरा ओवला. पहिल्या फटक्यात. पुन्हा अंधार केला. या वेळी हात टेबलाखाली गेला. पुन्हा उजेड, पुन्हा ओवला. दादा उठून उभा राहिला. "अरे, हे काय चाललंय? येतंय की येत नाहीये?"

"मलाही सांगा कुणीतरी," काका म्हणाले.

ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आम्ही चौघंही त्यांच्याकडे गेलो आणि बसायला खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्यांनी स्वतःची दिली. त्यांनी काकांना डोळे मिटायला लावले, त्यांचं बोट वर-खाली केलं आणि विचारलं, "आता कुठे आहे?" काका ठामपणे म्हणाले, "वर." बोट खाली होतं. बाईंनी समजावलं, की हातात जोर आहे, पण हात कुठे आहे ही बातमी डोक्यापर्यंत पोचत नाही, तापात नसेला इजा झाली आहे. उजेडात ती बातमी डोळे पोचवतात, म्हणून सगळं जमतं. अंधारात कुणीच पोचवत नाही.

"बरं होईल?" काकूने विचारलं.

"थोडं होईल, कदाचित. पूर्ण होईल असं मी सांगू शकत नाही."

परतताना काकू माझ्याशी बोलली नाही. त्यानंतरही बरेच दिवस नाही. मी फोन केला की ती तो दादाकडे द्यायची, आणि दादा म्हणायचा, "ती म्हणतेय, ती घरी नाहीये." मी चूक केली की नाही, याचा मी खूप विचार केला. फोटो लपवला असता तर काका आणखी किती दिवस स्वतःच्या हाताला घाबरत जगले असते? दाखवला, तर काकूने जपलेलं सगळं उघड्यावर आलं. दोन्ही बाजूंनी मीच चुकीची निघत होते, आणि कधी कधी दोन्ही बाजूंनी बरोबर.

इकडे तालमीत वेगळाच तिढा पडला होता, तो दादाने सांगितला. काकांनी ठरवलं, की उजवा हात रीतसर काकूला द्यायचा, झाकपाक नको. काकू पुढे उभी राहिली, दांडा एकटीने धरला, आणि तिला ओवताच येईना! कितीदा केलं तरी नाही. ती रडवेली झाली. "मला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही," ती म्हणत होती. "तुमची मूठ निघायची, मी तिच्याबरोबर जायचे. एकटीने कशी जाऊ?"

"म्हणजे इतके दिवस ओवत कोण होतं?" दादाने विचारलं.

शेवटी काका पुन्हा मागे उभे राहिले, बधिर मूठ दांड्यावर ठेवली, काकूने तिच्यापुढे आपली ठेवली, पूर्वीसारखीच. काकांनी श्वास घेतला. दोरा गेला.

"मग बदललं काय?" दादा म्हणाला. "एवढा डॉक्टर केला, फोटो केले, आणि आपण परत तिथेच!"

"आता ती पिसासारखं धरत नाही," काका म्हणाले. "चांगलं दाबून धरते. माझ्या खांद्याला कळतं."

नव्या हंगामाचा पहिला प्रयोग मी समोर बसून बघितला, हातात कॅमेरा न घेता. सुईची वेळ आली. शिंप्याचा हात निघाला, सुईपाशी अडखळला, दोरा बाजूने गेला. काळ्या मखमलीतून एक श्वास ऐकू आला, आणि लगेच दुसरा, बाईचा. शिंपी जरासा थांबला, त्याने मान झटकली, जशी कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने झटकावी, आणि पुन्हा हात नेला. दोरा गेला. शेजारच्या बाई आपल्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "बघितलंत? पहिल्यांदा मुद्दाम चुकवला."

प्रयोगानंतर काकू मागच्या दाराशी भेटली. टोपीने चपटे झालेले केस, घामाघूम. "आलीस?" ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी काढून स्वतःकडे घेतली. त्यात जड काहीच नव्हतं. मीही ती घेऊ दिली. फोटोच्या त्या भानगडीवर आम्ही पुन्हा बोललो नाही. तिने मला माफ केलं की तिला नुसता कंटाळा आला होता, हे मी विचारलेलं नाही.

लॉबीत बाजूने काढलेला एकही फोटो लागला नाही. "शिंपी मरतो," काका म्हणाले, पुन्हा पूर्वीच्याच तोऱ्यात. तिथे समोरून काढलेले फोटो आहेत. मात्र त्यांच्या सांगण्यावरून मी आणखी एक रोल काढला, त्याच खांबापाशी, त्याच उजेडात. आता काकू अगदी काकांना लागून उभी राहते. फिल्म आणखी थोडी पुश केली, त्यामुळे दाणे फुलून आले, कडा विरघळल्या, आणि दोघांच्या बाह्या एकमेकीत मिसळल्या. दांड्यावर दोन मुठी आहेत एवढं मात्र स्पष्ट.

मी तो फोटो मोठा करून त्यांच्या घरी नेला. जेवणाच्या टेबलावर ठेवल्याबरोबर दोघांची जुंपली.

"ही पुढची माझी," काकू म्हणाली.

"पुढची माझी. अंगठा बघ की."

"अहो, तुमचा अंगठा एवढा कधीपासून सुबक झाला?"

"वटवाघळा, तू सांग. तू तिथे होतीस."

मी पिशवीतून भिंग काढलं आणि फोटोवर टेकवलं. भिंगाखाली हात नव्हतेच, नुसते दाणे होते, काळे आणि करडे, आणि त्यांच्यामधून अंगठा कुठे सुरू होतो ते कुणीच सांगू शकलं नसतं. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. दादाने तोवर बशा मांडायला घेतल्या होत्या.

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि फोटो उजेडाकडे फिरवला.